तंजावरची सही

तंजावरला पोस्टिंग निघाली की मराठी जवानाला गावाकडून ठरलेले फोन येतात. "म्हणजे आपल्याच राज्यात चाललास की!" मग ठरलेली यादी येते. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख बघ, त्याच्यासमोर फोटो काढून ग्रुपवर टाक, भोसल्यांचा वाडा बघ, सरस्वती महाल बघ. हे सगळं बघावंच, मीही बघितलं आहे. पण त्या यादीत एक प्रश्न कधीच नसतो: हे राज्य गेलं कसं?

ते लढाईत गेलं नाही. तट फुटला नाही, राजा पडला नाही. 25 ऑक्टोबर 1799 रोजी बावीस वर्षांच्या सरफोजी राजांनी ईस्ट इंडिया कंपनीबरोबरच्या करारावर सही केली आणि कावेरीच्या खोऱ्यातलं सोन्यासारखं राज्य कंपनीच्या कारभारात गेलं. राजांकडे तंजावरचा किल्ला राहिला, 'महाराज' ही पदवी राहिली आणि नेमणूक राहिली.

माझं म्हणणं सरळ आहे. सत्ता, सदसद्विवेक आणि परकी राजवट या तिन्हींवरचं मराठीतलं सगळ्यात मोठं नाटक या सहीत दडलेलं आहे. आपल्या रंगभूमीने ते गाजवलं नाही, याचं कारण विषयाचं दारिद्र्य नव्हे. तो भित्रेपणा आहे. आपल्याला किल्ला घेणारा राजा चालतो आणि किल्ल्यासाठी मरणारा मावळा चालतो. किल्ला हातात ठेवून राज्य देऊन टाकणारा माणूस रंगमंचावर आणायची आपली छाती होत नाही.

आणि हे तंजावरच्या बाबतीत व्हावं, याची जास्त लाज वाटते. मराठी नाटकाचं मूळ शोधताना आपण 1843 ला, सांगलीला, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'पाशी थांबतो. त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली जात होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे (राज्यकाळ 1684 ते 1712) स्वतः नाटककार होते. 'लक्ष्मीनारायण कल्याण' त्यांचंच. त्यांच्याच नावावरच्या एका तेलुगू यक्षगानात मोरोभट नावाचा विद्वान गावकुसाबाहेरच्या एका विवाहित बाईच्या मागे लागतो आणि त्याचा शिष्य गुरूलाच धर्म शिकवत राहतो. राजा सिंहासनावर बसून शास्त्राधिकाराची अशी फजिती रंगवत होता. म्हणजे सत्तेला आणि विवेकाला समोरासमोर उभं करायची सवय या गावाला होती. ती सवय गेली आमची.

आता हे नाटक किती तयार आहे ते बघा. पहिला अंक 1776 चा. त्याआधी 1773 मध्ये कंपनीच्या फौजेने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकलं आणि तुळजाजी राजांना त्यांच्याच किल्ल्यात कैद केलं. लंडनच्या संचालकांना हे पसंत पडलं नाही. त्यांच्या हुकमाने मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने एप्रिल 1776 मध्ये तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवलं. त्याबरोबर कंपनीचाच एक नोकर, पॉल बेनफील्ड, पुढे आला. नबाबाला मी कर्ज दिलंय, त्यापोटी तंजावरचं पीक माझ्याकडे लावून दिलेलं आहे, माझे दोन लाखांहून अधिक पौंड आधी द्या, असं त्याचं म्हणणं. तुटपुंज्या पगाराच्या नोकराकडे एवढा पैसा आला कुठून, हे विचारायची कौन्सिलातल्या बहुतेकांना गरज वाटली नाही. पिगट ऐकेना, तेव्हा 24 ऑगस्ट 1776 ला त्याच्याच कौन्सिलच्या बहुमताने गव्हर्नरला अटक करवली. पुढच्या मे महिन्यात तो कैदेतच मेला.

ही अटक ज्याने घडवून आणली तो कर्नल जेम्स स्टुअर्ट त्या वेळी पिगटच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसलेला होता. माजी सैनिक मित्रांनो, या प्रसंगावर जरा थांबा. कर्नलच्या खिशात कौन्सिलच्या बहुमताचा हुकूम होता. शेजारी त्याच प्रांताचा गव्हर्नर बसला होता. वरिष्ठ कोण? हुकूम कुणाचा? कंपनीत याचं उत्तर तलवारीने दिलं नाही, सावकाराच्या वहीने दिलं. पिगटला संत करू नका, तोही कंपनीचाच माणूस. पण तंजावरचं भात कुणाच्या कोठारात जाणार यावरून इंग्रजांनी इंग्रज गव्हर्नर कैदेत टाकला, एवढं एक वाक्य 'ते सुधारणा करायला आले होते' म्हणणाऱ्यांना पुरेसं आहे.

दुसरा अंक पंडितांचा. 1787 मध्ये तुळजाजी वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्‌झच्या हाती सोपवला. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकाला हरकत घेतली. कंपनीने पंडितांना विचारलं. पंडित म्हणाले, दत्तक अशास्त्रीय. अमरसिंह राजे झाले. पुढे अमरसिंह कंपनीला जड होऊ लागले. कंपनीने पुन्हा, दुसऱ्या पंडितांना विचारलं. आता दत्तक सशास्त्र ठरला. 1798 मध्ये अमरसिंहांना उतरवून सरफोजींना गादीवर बसवलं. शास्त्र तेच, मूल तेच. बदलली होती ती कंपनीची गरज. आपल्या इतिहासात पंडितांनी राजाला मान्यता देण्याचे प्रसंग आधीही झालेत, पण या वेळी पंडितांना विचारणारा कोण होता ते बघा. धर्मशास्त्राचा निर्णय कंपनीच्या फाइलीत लागत होता.

आणि श्वार्ट्‌झ? तो सगळ्यात अवघड पात्र आहे. त्याने या पोराला वाढवलं, शिकवलं, त्याचा जीव सांभाळला, यात शंका नाही. हाच श्वार्ट्‌झ कंपनीचा दूत म्हणून हैदर अलीकडे जाऊन आला होता. सरफोजींनी त्याच्यासाठी इंग्लंडहून फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे: गुरू मरणशय्येवर आणि राजा शेजारी उभा. ज्याच्यावर जीव लावला तो माणूसच तुम्हाला परक्याच्या दाराशी नेऊन सोडतो, आणि तेही तुमच्या भल्यासाठी! असा पेच हाती असताना आमचे नाटककार अजून सासू-सुनेत काय शोधतात कळत नाही.

तिसरा अंक 1799 चा, आणि इथे इतिहासानेच रंगमंच लावून ठेवलाय. 4 मे रोजी श्रीरंगपट्टणला टिपू लढता लढता पडला. 16 ऑक्टोबरला कयत्तारमध्ये मेजर बॅनरमनने वीरपांड्य कट्टबोम्मनला फासावर दिलं. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी तंजावरची सही झाली. एका वर्षात दक्षिणेत तीन माणसांनी एकाच सत्तेला तीन उत्तरं दिली.

पहिल्या दोन उत्तरांना रंगभूमी मिळाली. गिरीश कार्नाडांनी टिपूची स्वप्नं लिहिली. कट्टबोम्मनला तमिळांनी डोक्यावर घेतलं. शिवाजी गणेशन यांनी तो आधी रंगमंचावर गाजवला आणि 1959 मध्ये पडद्यावर. कराच्या प्रसंगातले त्याचे संवाद इथे रिक्षावाल्यालाही पाठ असतात. आणि हा नट 'शिवाजी' झाला तो अण्णादुराईंच्या नाटकात आपल्या महाराजांची भूमिका केल्यामुळे. राज्याभिषेकाला मान्यता द्यायची कुणी, हाच त्या नाटकाचा प्रश्न. म्हणजे तमिळ रंगभूमीने आपला शिवाजी घेतला, स्वतःचा कट्टबोम्मनही घेतला. तिसरं उत्तर आपलं होतं. ते आपण घेतलं नाही.

"त्यात काय घ्यायचं? भित्रा राजा, पेन्शनवर जगला," असं म्हणणारे बरेच भेटतात. फौजी म्हणून सांगतो, हे उत्तर आळशी आहे. लष्करी हिशेब मांडा. तंजावरच्या संरक्षणाचं काम आधीपासूनच कंपनीच्या फौजेकडे गेलेलं होतं आणि तिचा खर्च तंजावर देत होतं. टिपूला संपवून तीच फौज मोकळी झाली होती. सरफोजींना गादीवर बसवणारी कंपनी, आणि उतरवू शकणारीही कंपनीच. उतरवलेले काका अजून जिवंत होते. अशा स्थितीत तलवार काढली असती तर एक दिवस टिकली असती का, सांगता येत नाही. ज्या राज्याने आपला पहारा भाड्याने दिला, ते राज्य सहीच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. हा धडा आपल्या प्रत्येक शाळेत शिकवला पाहिजे. म्हणून 'लढला का नाही' हा प्रश्न मी विचारत नाही. माझा प्रश्न सहीनंतरचा आहे.

करारात राजांसाठी काय होतं? वर्षाला एक लाख पागोडा, आणि राज्याच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. या पाचव्या हिश्श्यापाशी माझं बोट अडकतं. नुसती ठरावीक रक्कम असती तर राजा पेन्शनर झाला असता आणि विषय संपला असता. पाचवा हिस्सा म्हणजे कलेक्टर रयतेकडून जितकं जास्त वसूल करील तितकं राजाचं उत्पन्न वाढेल. वसुलीचा हुकूम परक्याचा, वाईटपणाही परक्याचा आणि वाटा मात्र आपला. कावेरीच्या पाण्यावर भात पिकवणारा शेतकरी त्या खोलीत नव्हता, त्याला कुणी विचारलं नाही. सत्ता काढून घेऊन नफ्यात भागीदार करून ठेवणं, ही कंपनीची खरी हुशारी. बंदुकीपेक्षा ती जास्त चालली, आणि संस्थानिकांच्या काळात दीडशे वर्षं चालली.

आता त्याच पैशातून काय उभं राहिलं तेही बघा, कारण नाटक एका बाजूने लिहिलं तर ते पथनाट्य होतं. सरफोजींनी सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ आणले. युरोपातून मागवलेल्या पुस्तकांवर त्यांच्या सह्या आहेत. 1805 च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना चालू होता. धन्वंतरी महालात औषधांवर काम चाले आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. ओरतनाडूच्या छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना शिक्षण. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल सांगते. एका किल्ल्याचा धनी उरलेला राजा नाटकातून जगाचा नकाशा शिकवतो. ज्याच्या नकाशातून स्वतःचंच राज्य पुसलं गेलंय, त्याच्या तोंडी हा भूगोल आहे. एवढ्यावर प्रेक्षागृह गप्प होईल.

पण दुसरी बाजू झाकू नका. याच काळात त्यांच्या स्तुतीचं 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नाटक रचलं गेलं. राजाची मिरवणूक निघते, नायिका त्याच्यावर भाळते, कुरवंजी शुभ भविष्य सांगते. बाहेर कलेक्टरची कचेरी, आत राजाची मिरवणूक. सत्ता गेल्यावर सत्तेचा देखावा किती भरजरी होतो, याचा हा नमुना. आणि 1814 मध्ये पट्टुकोट्टैजवळ समुद्रकिनारी 'मनोरा' उभा राहिला, आठ मजली. कशासाठी? इंग्रजांनी बोनापार्टला हरवलं म्हणून. मराठी राजाच्या पैशाने, तमिळ किनाऱ्यावर, इंग्रजांच्या फ्रेंचांवरच्या विजयाचा स्तंभ, आणि त्यावरचा लेख मराठीतही आहे. शिलालेखासमोर फोटो काढणारे आपले लोक या मनोऱ्यापर्यंत सहसा जात नाहीत. जायला हवं. तोही आपलाच शिलालेख आहे.

बृहदीश्वराच्या भिंतीवरचा तो प्रसिद्ध 'भोसले वंश चरित्र' 1803 मध्ये कोरला गेला. म्हणजे सहीनंतर चार वर्षांनी. राज्य हातात असताना व्यंकोजींना, शहाजींना तो कोरावासा वाटला नव्हता. राज्य गेल्यावर वंशावळ कोरावीशी वाटली. मी सरफोजींना यात दोष देत नाही. माणसाचं असंच होतं. मी दोष देतो तो आपल्याला. आपण दोनशे वर्षांनंतरही तेच करतोय. ज्याचा कारभार दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो त्याला वंशावळीचा फार आधार वाटतो. गावातली शाळा बंद पडली, पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, जमीन कुणाच्या नावावर गेली ते कळत नाही, आणि मोबाइलवर स्टेटस चालू: 'तंजावरपर्यंत आमचं राज्य.' होतं ना. पण गेलं कसं, ते स्टेटसला का नाही?

शेवटचा अंक 1855 नंतरचा, आणि तो फौजींनी नीट वाचावा. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे 1855 मध्ये मुलगा न ठेवता वारले. कंपनीने संस्थान संपलं असं जाहीर केलं. ऑक्टोबर 1856 मध्ये फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्याने फौज घेऊन वाड्याचा ताबा घेतला, खोल्यांना सील ठोकलं, पहारे बसवले. राज्याबरोबर राजांची खासगी मालमत्ताही गेली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. एका विधवा मराठी बाईने कंपनीला इंग्रजांच्याच कोर्टात हरवलं! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. 1859 मध्ये तिथे निकाल फिरला. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की, हे राज्यसत्तेने केलेलं कृत्य आहे, ते बरोबर की चूक यात न्यायालयाला शिरता येणार नाही. मालमत्ता पुढे सरकारने परत केली, पण मेहेरबानी म्हणून. हक्क म्हणून नाही.

हा निकाल वसाहतीच्या राज्याचं खरं तोंड आहे. कायदा आहे, कोर्ट आहे, वकील आहे, आणि सत्तेने लाथ मारली की सगळे म्हणतात, हा आमचा विषय नाही. साठ वर्षांपूर्वी सही घेताना कागद पवित्र होता. राणीने तोच कागद पुढे केला तेव्हा तो नुसता कागद झाला.

मला माहीत आहे, यावर दोन आक्षेप येतील. पहिला, 'अशाने भोसले घराण्याची बदनामी होते.' बदनामी खोट्याने होते. ज्या घराण्यातल्या शहाजींनी दरबारात शास्त्र्यांवर हसायची मुभा दिली, त्याच्या इतिहासाला प्रश्न सोसतात. आपल्या रंगभूमीनेही पूर्वी धाडस केलेलं आहे. 1907 मध्ये खाडिलकरांचा 'कीचकवध' आला, लोकांनी कीचकात कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये सरकारने बंदी घातली. 1972 मध्ये 'घाशीराम'ने पुण्याच्याच सत्तेला आरसा दाखवला आणि गदारोळ सोसला. पण 'कीचकवधा'त वैरी परका आहे, 'घाशीराम'मध्ये नासकेपण घरचं आहे. तंजावरात परका आणि घरचा एकाच मेजावर बसून एकाच कागदावर सही करतात. मारायला भीम नाही, दगड मारायला घाशीराम नाही. म्हणून हे नाटक अवघड आहे, आणि म्हणूनच हवं आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच बिरादरीतून येईल: 'फौजीने असल्या गोष्टीत पडू नये, आपलं काम हुकूम पाळणं.' बरोबर. पण कुठला हुकूम? आपल्या सैनिकी कायद्यात नुसता हुकूम मोडणं हा गुन्हा नाही, कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. तो एक शब्द तिथे आहे, आणि आपण शपथ राज्यघटनेची घेतो. कंपनीच्या शिपायाची शपथ राज्यघटनेची नव्हती. 1806 मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात, पगडी आणि गंध-दाढीच्या हुकमावरून, मद्रास फौजेतले शिपाई उठले आणि शेकड्यांनी मारले गेले. पन्नास वर्षांनी त्याच मद्रास इलाख्यात तंजावरच्या वाड्याला सील लागत असताना कुणी उठलं नाही. दोन्ही ठिकाणी माणसं तशीच होती, आपल्यासारखी, पगारावर घर चालवणारी.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. शेवटचा प्रवेश राणीचा करू नका, फोर्ब्सचाही करू नका. सील ठोकलेल्या दारासमोर रात्रपाळीला उभ्या असलेल्या संत्र्याचा करा. त्याचं नाव कुठल्याच निकालात आलेलं नाही. आत एका घराण्याचं सगळं सामान बंद आहे, बाहेर तो बंदूक घेऊन उभा आहे, आणि पहाट व्हायला अजून बराच वेळ आहे. तो वेळ त्याने कसा काढला असेल, ते लिहा. तिकीट काढून बघायला आम्ही येऊ.